उभ्या गाडीची बॅटरी

होसूर
१३ जुलै २०२५

ती. आईस,
साष्टांग नमस्कार.

"फोनवर तू नुसतं 'हां, बरं, ठेवतो' म्हणतोस. पत्र लिही, पत्रात तरी वाक्य पुरं करशील," असं मी निघताना तू शेजारच्या विक्कीसमोर मला सुनावलंस. म्हणून हे पत्र. वाक्यं पुरी केली आहेत, तपासून घे.

इथं सगळं ठीक आहे. कंपनीचा नवा प्लँट आहे आणि आम्ही चाकणचे सहा जण सहा महिने इथल्या लोकांना काम शिकवणार. कॅन्टीनमध्ये भात तीन प्रकारचा मिळतो आणि भाकरी एकाही प्रकारची नाही.

आता कामाचं. माझी गाडी सहा महिने शेडमध्ये उभी राहणार. बाबांना गाडी येत नाही, तुला येत नाही. गाडी नुसती उभी राहिली की बॅटरी हळूहळू उतरते. म्हणून दर रविवारी सकाळी दहा मिनिटं इंजिन चालू करायचं. हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रलला, मग किल्ली. मी शिकवलं तेव्हा तू डोळे मिटून घेतले होतेस, ते आता उघडे ठेव. गाडी जागची हलवायची नाही आणि कुणाला द्यायची नाही. विक्की मागायला येईल. त्याला तर नाहीच.

बॅटरी नवी आहे. युनूसचाचांनी ती बसवताना दुकानातल्या चार गिऱ्हाइकांसमोर छातीवर हात ठेवून सांगितलंय, "सुजित, सहा महिन्यांत ही बॅटरी एकदा जरी दगा देऊन गेली तर युनूस दुकानाची पाटी उतरवेल." त्या पाटीवर त्यांचा किती जीव आहे ते तुला माहीत आहे. रोज सकाळी शटर उघडायच्या आधी ते ती पुसतात. तेव्हा त्यांच्या पाटीसाठी तरी एकही रविवार चुकवू नकोस.

बाबांना नमस्कार सांग. ते जागे असतील तेव्हा.

तुझा
सुजित


रुपीनगर, तळवडे
२४ जुलै

चि. सुजितला अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं. पोस्टमन म्हणाला, "काकू, कोर्टाचं आहे का?" हल्ली हातानं पत्ता लिहिलेलं पाकीट बघितलं की लोकांना कोर्टच आठवतं.

तुझ्या बाबांचं नेहमीचं चाललंय. रात्रपाळी करून सकाळी साडेआठला कंपनीच्या बसनं येतात, न्याहारी करतात आणि झोपतात ते पाचला उठतात. कुकर मी ते यायच्या आधी उरकते, मिक्सर ते उठल्यावर. मधल्या वेळात मी आणि भांडी, दोघीही गप्प. दीड खोलीचं घर, तुला काय सांगायचं.

गाडी रविवारी चालू केली. डोळे उघडे ठेवले होते. दहा मिनिटं आत बसले, काच बंद करून. बरं वाटलं.

पण युनूसभाऊंनी बघितलं आणि हसायलाच लागले. म्हणाले, "भाभी, उभ्या गाडीत दहा मिनिटं इंजिन चालवून काय होणार? चालू करायला जेवढी बॅटरी खर्च झाली तेवढीसुद्धा भरत नाही. एक तर गाडी अर्धा तास रस्त्यावर पळवा, नाहीतर मायनसची तार काढून ठेवा. आरामात झोपेल ती." पळवायची तुझी सक्त मनाई. म्हणून त्यांनी तार काढली.

ती मी दुसऱ्या दिवशी परत लावली. तार काढली की गाडीतलं घड्याळ बंद पडतं. बंद घड्याळ दारात बरं नव्हे.

भाकरी मिळत नाही तर ज्वारीचं पीठ पाठवू का?

तुझी
आई


होसूर
२ ऑगस्ट

ती. आईस,

पीठ पाठवू नकोस, इथं थापणार कोण?

पण मला दोन गोष्टी कळल्या नाहीत. तार लावायला दहा नंबरचा पाना लागतो. तो तुझ्याकडे कुठून आला? आणि बंद घड्याळाचं तुला कधीपासून वाटायला लागलं? आपल्या भिंतीवरच्या घड्याळाचा सेल तूच काढून ठेवलायस. टोल्यांनी बाबांची झोप मोडते म्हणून. ते घड्याळ तीन वर्षं पावणेचार दाखवतंय आणि त्याच्याखाली बसून तू मला बंद घड्याळाचं सांगतेस!

असो. तार लावलीच आहेस तर रविवार चुकवू नकोस. नव्या बॅटरीला एवढ्यानं काही होत नाही.

तुझा
सुजित


रुपीनगर
१४ ऑगस्ट

चि. सुजित,

पाना झुलेखानं दिला. बॅटरीच्या दुकानदाराची बायको ती, तिच्या घरी चमच्यांपेक्षा पाने जास्त.

तुला सांगणार नव्हते, पण विक्की सांगेलच. बॅटरी उतरली. एकदा नव्हे, तीनदा. रविवारी किल्ली फिरवली तर नुसतं टकटक, टकटक. दर वेळी युनूसभाऊ बॅटरी काढून दुकानात नेतात, चार्ज करून आणतात, बसवतात. चार-पाच दिवस बरे जातात, पुन्हा तेच.

परवा तर ते मीटर घेऊन तीन तास गाडीत आडवे पडले होते. एकेक फ्यूज काढून बघितला. गाडी बंद असताना कुठली तार गुपचूप करंट खाते ते शोधत होते म्हणे. झुलेखा चहा घेऊन आली आणि शेजारी उभी राहिली. त्यांनी तिला विचारलं, "क्या बोलती, कुठं जात असेल करंट?" ती म्हणाली, "मला काय माहीत, मी बाईमाणूस." आणि माझ्याकडे न बघता निघून गेली.

त्यांना काही सापडलं नाही. दुकानावर भीमराज रिक्षावाला रोज विचारतो, "युनूसभाई, पाटी कधी उतरवताय?" बाकीचे हसतात. युनूसभाऊपण हसतात, पण आधीसारखं नाही.

तू त्यांना काही बोलू नकोस. बॅटरी चांगली आहे.

तुझी
आई


होसूर
२१ ऑगस्ट

ती. आईस,

बॅटरी चांगली आहे हे तू कशावरून म्हणतेस? चांगली बॅटरी महिन्यात तीनदा उतरत नाही. तार खात नाही, फ्यूज ठीक आहे, मग उरतं काय? बॅटरीच. मी दिवसभर इथं माल तपासून पास-नापास करतो, मला एवढं कळतं.

माझ्याबरोबरच्या जयसिंगचं म्हणणं पडलं की जुनी बॅटरी धुऊनपुसून, नवं स्टिकर लावून विकणारे बरेच असतात. मला आधी राग आला त्याचा. मग रात्रभर तेच डोक्यात फिरत राहिलं. शेवटी मी युनूसचाचांना वेगळं पत्र टाकलं आहे. स्पष्ट विचारलंय की बॅटरी खरंच नवी होती का. आणि पाटीचं बोलला होतात, त्याचीही आठवण करून दिली आहे.

तू मधे पडू नकोस. तुझा स्वभाव भिडस्त आहे.

तुझा
सुजित


रुपीनगर
४ सप्टेंबर

चि. सुजित,

हे पत्र बसून वाच.

सोमवारी सकाळी मी दूध आणायला गेले तर युनूसभाऊंच्या दुकानावर पाटी नव्हती. भिंतीवर नुसता चौकोन, बाकीच्या रंगापेक्षा उजळ. स्वतः स्टुलावर चढून त्यांनी ती उतरवली होती. दुपारी ते नवी बॅटरी घेऊन आले. माझ्यासमोर खोका फोडला, सील दाखवलं, बसवली. मी चहा टाकते म्हटलं तर म्हणाले, "चहा नको, भाभी. सुजितला सांगा, सीलचा फोटो पाठवलाय." बावीस वर्षांत तो माणूस आपल्या दारातून चहाशिवाय कधी गेला नाही.

आता खरं ऐक. बॅटरी आम्ही खाल्ली. मी, झुलेखा आणि समोरची अपेक्षा.

तू गेल्यावर पहिल्या रविवारी मी गाडी चालू करून बसले होते. झुलेखा जात होती. गल्लीत आम्ही खुणेनंच बोलतो, तसं तिला आत बोलावलं. तिनं दार लावलं आणि भीमराजच्या सासूचं काहीतरी सांगितलं. मला असं हसू आलं सुजित, मी मोठ्यानं हसले. अगदी खो खो. मग दचकून खिडकीकडे बघितलं. घरात काही हललं नाही. बंद काचेतून आवाज बाहेर जातच नव्हता. आपण शेवटचं असं कधी हसलो होतो ते मला आठवेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला आम्ही परत जाऊन बसलो. मग अपेक्षा यायला लागली. तिच्या नवऱ्याचीही नाइट. लग्नाला आठ महिने झाले तिच्या. म्हणाली, "काकू, सासरी आल्यापासून मी कुजबुजतेच आहे, माझा आवाज कसा होता तेच विसरले." ती गाते. चांगली गाते. रोज दोन ते चार रेडिओ लावायचा, डबे उघडायचे आणि बोलायचं. ओरडून बोलायचं. पावसात काचेवर वाफ धरते, जीव घाबरतो, म्हणून आतला पंखा. तो तीन नंबरवर. तार काढली की रेडिओ बंद, पंखा बंद. म्हणून ते घड्याळाचं मी रचून सांगितलं.

पंखा बॅटरी खातो हे मला आधी माहीत नव्हतं. पहिल्यांदा उतरली तेव्हा झुलेखाच्या लक्षात आलं. मग आम्ही तो एक नंबरवर केला. मोठं काम केलं असं वाटलं. पण बोललो नाही, कारण बोललो असतो तर तार निघाली असती आणि ते दोन तास गेले असते. मी त्या दोन तासांना इतकी हावरट झाले होते की एक भला माणूस तीन तास गाडीत आडवा पडलेला बघत राहिले.

काल झुलेखा माझ्या उंबऱ्यात येऊन बसली. म्हणाली, "ताई, ते रात्री जेवले नाहीत." मला लाज वाटली रे. हे पत्र पेटीत टाकून आम्ही दोघी दुकानावर जाणार आहोत. चार गिऱ्हाइकं असतील तेव्हाच सांगणार.

बाबांना यातलं काही कळू देऊ नकोस. आपल्या झोपेपायी बायकोला गाडीत जाऊन बसावं लागतं, हे त्यांना लागेल.

तुझी
आई


होसूर
१२ सप्टेंबर

ती. आईस,

तुझं पत्र मी कॅन्टीनमध्ये वाचलं. आधी हसलो. इतका की जयसिंगनं पाठीवर थापट्या मारल्या. मग त्याला मी ते वाचून दाखवलं आणि आमच्या दोघांची तोंडं उतरली.

माल तपासणारा मी आणि न तपासता एका माणसाला नापास करून बसलो. सोबत युनूसचाचांसाठी पत्र आहे. त्यांच्या हातात देऊ नकोस, ते न वाचता खिशात घालतील. भीमराजला मोठ्यानं वाचायला सांग, दुकानासमोर. त्यात लिहिलंय की बॅटरी नवी होती, बोलणं खरं होतं आणि चूक माझी होती.

आई, एक सांगू? हॉस्टेलवर गेलो तेव्हा मुलं मला विचारायची, तू एवढा हळू का बोलतोस. मी पाण्याचा तांब्या अजूनही आवाज न करता ठेवतो. मला वाटायचं हा माझा स्वभाव आहे.

गाडी तुझी. किल्ली तुझी. पंखा तीन नंबरवरच ठेव. आणि चाचांना म्हणावं, दर रविवारी गाडी अर्धा तास पळवा. मनाई उठवली आहे.

तुझा
सुजित


रुपीनगर
२५ सप्टेंबर

चि. सुजित,

पाटी चढली!

आधी आमच्या कबुलीजबाबाचं ऐक. आम्ही दोघी दुकानात उभ्या राहिलो, मी सगळं सांगितलं. युनूसभाऊंनी हातातला पाना खाली ठेवला. एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा झुलेखाकडे. मग तिथल्या टायरवर मटकन बसले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. "माझ्या घरातच चोर, और मैं फ्यूज गिनतोय!" झुलेखा म्हणाली, "चोर कशाला म्हणता, आम्ही गिऱ्हाईक आहोत." पण पाटी लावा म्हटलं तर ऐकेनात. म्हणाले, "सुजितनं विचारलंय, सुजितच बोलेल."

तुझं पत्र आल्यावर भीमराजनं ते रिक्षाच्या सीटवर उभं राहून वाचलं. सगळी गल्ली जमली होती. "चूक माझी होती" आलं तेव्हा युनूसभाऊंनी फडकं डोळ्यांना लावलं. मग त्याच फडक्यानं पाटी पुसली आणि स्टुलावर चढले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दोन कप चहा प्यायले आपल्याकडचा.

आणखी गंमत. त्यांनी गाडीच्या डिकीत एक वेगळी जुनी बॅटरी बसवली आहे, लाकडी पेटीत. रेडिओ आणि पंखा तिच्यावर. गाडीची बॅटरी आता फक्त गाडीची. डिकीतली दर शनिवारी ते दुकानात नेऊन भरून आणतात. मी विचारलं, हिची गॅरंटी किती? म्हणाले, "हिची गॅरंटी नाही, भाभी. तुमी तिघी किती बोलाल त्याचा काय भरवसा?"

एकच झालं. टाळ्या वाजल्या तेव्हा दुपारचे तीन होते. मी धावत सगळ्यांना गप्प करायला गेले आणि वळून बघते तर तुझे बाबा बनियनवर दारात उभे. गाडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि आत गेले. तेव्हापासून काही बोलत नाहीत. विचारत नाहीत. माझा जीव टांगणीला लागलाय.

तुझी
आई


रुपीनगर
रविवार, १२ ऑक्टोबर

चि. सुजितला आशीर्वाद.

मला पत्राची सवय नाही. शिफ्ट संपताना लॉगबुकात लिहितो तसं लिहितो. बॅटरी ठीक. गाडी ठीक. तुझी आई बोलते आहे.

मला जुलैपासून माहीत होतं. दुपारी दोनला मी पाणी प्यायला उठतो. पलंगाशेजारच्या खिडकीतून शेड दिसते. एक दिवस बघितलं, बंद गाडीत तिघी हसत होत्या. तुझी आई डोकं मागं टाकून हसत होती. आवाज काही नाही. मला आधी राग आला, की माझ्यापासून लपून हसतात. मग मी बघत उभा राहिलो. दुसऱ्या दिवशीही उठून बघितलं. मग रोज; टाळ्या वाजल्या त्या दिवशीही मी खिडकीशी जागाच होतो. हसताना ती कशी दिसते ते मी विसरलो होतो.

युनूसची पाटी उतरली तेव्हा मी बोलायला हवं होतं. बोललो असतो तर तिचं हसणं थांबलं असतं. म्हणून मीही गप्प बसलो. ही माझी चूक. त्याच्याकडे जाऊन कबूल केली आहे.

मग तुझ्या आईला विचारलं, घरात गप्प बसायचं असं कुणी ठरवलं? म्हणाली, तुम्ही. आम्ही नवीन आलो तेव्हा, १९९८ साली, तिच्या हातून ताट पडलं आणि मी झोपेतून उठून ओरडलो. मला आठवत नाही. तिनं सत्तावीस वर्षं लक्षात ठेवलं.

सुजित, मी फोर्जिंग शॉपमध्ये, तापलेलं लोखंड ठोकणाऱ्या हॅमरवर तीस वर्षं काढली. शेजारी हॅमर पडत असताना चहाच्या सुट्टीत मी खोक्यावर पाठ टेकून दहा मिनिटं गाढ झोपतो. मला आवाजानं जाग येत नाही. हॅमर थांबला की जाग येते. हे मी तिला सांगितलं. तिचा विश्वास बसला नाही.

म्हणून आज ट्रायल घेतली. बॅटरीसाठी गाडी पळवायचीच होती. युनूस चालवायला, मी पुढे, तिघी मागे. मी नाइट करून आलो होतो, झोपलो नव्हतो. तळवड्याचा चौक ओलांडायच्या आत मला झोप लागली. युनूस सांगतो, मागे रेडिओ चालू होता, अपेक्षा गात होती आणि तुझी आई व झुलेखा कुणाच्या तरी लग्नावरून भांडत होत्या. मी देहूपर्यंत घोरत होतो. तिथं त्यानं गाडी बंद केली. "हे झोपलेत, उठवू नका," असं तुझी आई हळूच म्हणाली आणि सगळे एकदम गप्प झाले.

मला लगेच जाग आली.

मग जे हसले सगळे. तुझी आई सगळ्यात मोठ्यानं. या वेळी मी आत होतो, त्यामुळे आवाज ऐकू आला. चांगला आहे.

घरी येऊन भिंतीवरच्या घड्याळात सेल घातला. आता चारचे टोले पडले. दिवाळीला ये आणि तांब्या दणकन ठेव.

जाता जाता. मी त्यांना सांगितलं, आता घरातच बसत जा, मोकळेपणानं बोला. तरी दुपारी दोनला तिघी उठून गाडीतच जातात. कारण विचारलं तर तुझी आई म्हणते, "तुमच्याबद्दल बोलायचं असतं."

तुझे
बाबा